प्राध्यापक वजा, बचत जमा!

प्राध्यापक निवृत्त झाला की महाराष्ट्र सरकारचा फायदा होतो. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ संस्था देते, भाषणे सहकारी करतात, डोळे विद्यार्थ्यांचे ओले होतात. नफा मात्र थेट मंत्रालयात, वित्त विभागाच्या खात्यावर जमा होतो. ती जागा आता भरली जाणार नाही! महिन्याला लाखभर रुपये वाचले, वर्षाला बारा लाख वाचले, दहा वर्षे टाळाटाळ केली तर एक कोट वीस लाख वाचले! अशा हजारो जागा रिकाम्या ठेवल्या, की वित्तमंत्र्याला सभागृहात छाती पुढे काढून ‘आर्थिक शिस्त’ या विषयावर भाषण ठोकायला मोकळीक मिळते. उठता-बसता फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या या राज्याने ज्ञानाच्या दुष्काळाला बचतीचे साधन करून टाकले आहे. या बचतीला आम्ही काटकसर म्हणत नाही. ही लूट आहे, आणि ती गरिबाच्या पोराच्या वाट्यातून चालली आहे.

उदगीरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी याच मुलखात निजामाला नमवले, हा इतिहास इथले शाळकरी पोरही सांगते. पण त्यानंतरही पावणेदोनशे-दोनशे वर्षे निजामाचेच राज्य राहिले, आणि त्या राज्यात मराठी पोराला उच्च शिक्षणाचा रस्ता हैदराबादेला जात होता. तोही उर्दू माध्यमातून. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होते. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, आणि १९६२ साली उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय सुरू झाले. एका पिढीत हा चमत्कार घडला. ज्यांच्या आज्याने अंगठा उठवला, त्यांच्या नातीने पदवी घेतली.

तो चमत्कार कोणी केला? बीदरच्या तुरुंगात १९३८ साली प्राण सोडणाऱ्या भाई श्यामलालांच्या नावाने याच उदगीरात शाळा चालते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवता शिकवता स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाची तयारी केली. आपल्याकडे शाळा आणि मुक्तिलढा ही एकाच घरातली भावंडे आहेत. रझाकारांच्या बंदुकीला न भ्यालेल्या माणसांनी संस्था उभ्या केल्या, आणि स्वतंत्र महाराष्ट्राने त्यांना शब्द दिला: इमारत तुम्ही उभारा, शिकवणाऱ्याचा पगार आम्ही देऊ. अनुदानित महाविद्यालय म्हणजे हा शब्द! गेली पंचवीस वर्षे सरकार तो शब्द मोडत आहे. एकदम मोडला तर आवाज होतो. म्हणून हळूहळू, फाईलीफाईलीतून मोडत आहे.

हा मोडण्याचा कारखाना कसा चालतो, तो नीट पाहू. त्याचे पाते अर्थसंकल्पात लपलेले आहे.

दरवर्षी पावसाळा सरता सरता मंत्रालय खात्याखात्यांकडून पुढच्या वर्षाचे अंदाज मागवते. महाविद्यालयांच्या वेतनाचा अंदाज बांधताना कागदावर मंजूर पदे किती, हे कोणी पाहत नाही. गेल्या वर्षी पगारावर प्रत्यक्ष किती गेले, हे पाहिले जाते. म्हणजे यंदा चार जण निवृत्त झाले, की त्या चौघांचा पगार पुढच्या अंदाजातून आपोआप गळाला. मग महाविद्यालय चार पदांची मागणी घेऊन नांदेडच्या सहसंचालक कार्यालयात जाते. तिथून फाईल पुण्याला संचालकांकडे, तिथून मंत्रालयात, तिथून वित्त विभागात. वित्त विभाग पुस्तक उघडतो आणि शांतपणे लिहितो: तरतूद नाही! तरतूद का नाही? पदे भरलेली नाहीत म्हणून. पदे का भरलेली नाहीत? तरतूद नाही म्हणून! चक्र इथेच थांबत नाही. शिकवायला माणूस नाही म्हणून विद्यार्थी आटतात, विद्यार्थी आटले की वर्कलोड घटतो, आणि वर्कलोड घटला की मंजूर पदच रद्द होते. आधी उपाशी ठेवायचे, मग अशक्त झाला म्हणून शिक्षा करायची, असा हा न्याय आहे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २०१७ च्या मे महिन्यात सरकारने भरतीला टाळे लावले. ओरड झाली तेव्हा ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने रिक्त जागांपैकी फक्त ४० टक्के जागा भरण्याची मेहेरबानी झाली. सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे. साधे गणित करा: ४० टक्के म्हणजे ३,५८०, तर एकूण रिकाम्या जागा नऊ हजारांच्या घरात होत्या. उरलेल्या ६० टक्के वर्गांत कोणी शिकवायचे, यावर निर्णय मुका होता. मग कोरोना आला आणि ४ मे २०२० ला वित्त विभागाने पुन्हा भरती रोखली. १२ नोव्हेंबर २०२१ ला सरकार जागे झाले तेव्हा त्या ३,५८० पैकी २,०८८ पदे शिल्लकच होती. तीन वर्षांत भरली गेली १,४९२! याच तीन वर्षांत किती जण निवृत्त झाले असतील, याचा हिशेब प्रत्येक महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहे. त्यानंतरही घोषणा झाल्या, आकडे जाहीर झाले, पत्रकार परिषदा झाल्या. पण घोषणेला वर्ग घेता येत नाही.

या चक्राच्या तळाशी एक माणूस चिरडला जातो आहे. त्याचे सरकारी नाव ‘तासिका तत्त्वावरील अध्यापक’. कॉलेजात त्याला ‘क्लॉक अवर बेसिस’वरून ‘सीएचबीवाले सर’ म्हणतात. नेट किंवा सेट झालेला, अनेकदा पीएच.डी. झालेला, चाळिशीकडे झुकलेला. त्याला महिन्याचा पगार नाही, घेतलेल्या तासांचे पैसे. दिवाळीची सुटी लागली की कमाई बंद, परीक्षा आल्या की बंद, उन्हाळा तर कोरडाच. आणि ते तासांचे पैसेही महिन्याच्या महिन्याला मिळतील तर शपथ! निधी आला की बिले निघणार, आणि निधी यायचा तो मार्चच्या तोंडावर. याच माणसाने विद्यार्थ्याला घटनेतल्या समान संधीचा धडा शिकवायचा आहे. रोजगार हमीवरच्या मजुराला पंधरा दिवसांत मजुरी मिळण्याचा कायद्याने हक्क आहे, पीएच.डी. झालेल्याला तेवढाही नाही. हे वाचून ज्या मंत्र्याची मान खाली जात नाही, त्याने खुशाल पुढच्या उद्घाटनाला जावे.

आता आकड्यांचे बोलू. ‘पैसे कुठून आणायचे?’ हा वित्त विभागाचा हुकमी एक्का आहे. तो आज उलटवूनच पाहू.

सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातले सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे धरून ढोबळमानाने महिना एक लाख, वर्षाला बारा लाख. त्या २,०८८ पदांचा वर्षाचा खर्च झाला अडीचशे कोटी. आणि २०१८ च्या हिशेबाने निघणारी नऊ हजारांच्या घरातली सगळी पदे भरायची म्हटली तर अकराशे कोटींच्या आत. आता १० मार्च २०२५ ला विधिमंडळात मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प उघडा. एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये. त्यात हे अकराशे कोटी म्हणजे शंभर रुपयांतले पंधरा-सोळा पैसे! उदगीर, मुखेड, देगलूर, अहमदपूर, किनवट अशा राज्यभरातल्या शेकडो गावांतले वर्ग पुन्हा भरायला शंभरातले सोळा पैसे लागतात, आणि ते या प्रगत महाराष्ट्राजवळ नाहीत!

पैसे नाहीत म्हणता? मग १० जून २०२५ ची मंत्रिमंडळ बैठक आठवा. त्या दिवशी सरकारने दारूवरचा कर वाढवला आणि तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटींची भर पडेल, असे अभिमानाने सांगितले. या वाढीव दारूच्या पैशातले आठ टक्केही सगळ्या रिक्त पदांना पुरून उरतात. आम्ही हा मेळ उगाच घालत नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी हाच हिशेब मांडला होता. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून त्याच माणसाकडून २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर फेकले. लोकांकडून जेवढे दारूवर घेता, निदान तेवढे त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी मागणी केली. कला महाविद्यालयांच्या खर्चातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग फीमधून उकळला जातो, हा शिक्षणाचा बाजार आहे, असेही त्यांनी बजावले. शंभर वर्षे होत आली. इंग्रज गेला, निजाम गेला, आणे आणि पै गेले. हिशेब तोच राहिला. चौकाचौकात बाबासाहेबांचे पुतळे उभारणाऱ्यांनी त्यांचे अर्थसंकल्पावरचे भाषण एकदा तरी वाचले असते, तर पुतळ्यासमोर हात जोडायची त्यांना लाज वाटली असती.

लाज वाटावी असे आणखीही घडले आहे. मे २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यालाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. अर्थसंकल्पातच तशी सोय करून ठेवली होती, हा खुलासा झाला. म्हणजे चोरवाट आधीच आखून ठेवली होती, असा त्याचा अर्थ! अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती याच खात्यांमधून येते. महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज भरून पदवी हातात पडेपर्यंत वाट पाहणाऱ्या पोरांना आता कळले असेल, की आपला पैसा कुठल्या रांगेत उभा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, म्हणजे कोणाला कांगावा करायला जागा राहणार नाही. बहिणीच्या हातात दीड हजार रुपये पडतात, याचे आम्हाला दुःख नाही. उन्हातान्हात खुरपणी करणाऱ्या बाईला सरकारने काही दिले तर आमच्या पोटात दुखत नाही. आमचा सवाल त्या बहिणीच्या लेकीचा आहे. २०२५-२६ मध्ये या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले गेले. निवडणूक दिसली की सरकारला एका रात्रीत हजारो कोटी सापडतात. शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाला आणि आखणीला २४ जून २०२५ च्या एका बैठकीत २० हजार ७८७ कोटींची मान्यता मिळते. त्या रस्त्याची आखणी आपल्याच नांदेड-लातूरच्या शेतांतून जाते, आणि जमीन जाणारा शेतकरी नको नको म्हणत असताना पैसा मंजूर होतो. ज्याला रस्ता नको त्याला वीस हजार कोटी. ज्याच्या पोराला मास्तर हवा त्याला ‘तरतूद नाही’! पैशाचा दुष्काळ नाही. दुष्काळ इच्छेचा आहे, आणि तो मानवनिर्मित आहे.

८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झाले. चांगले झाले, आम्ही त्याचे स्वागत करतो. पण जळकोट किंवा देवणी तालुक्यातल्या खेड्यातून सकाळची एस.टी. पकडून उदगीरला येणारी बी.ए.-बी.एस्सी.ची पोरगी या निर्णयाने कुठे पोहोचली? तिला फी देणे जमत होते किंवा नव्हते, हा तिचा पहिला प्रश्नच नाही. एस.टी.तून उतरून वर्गात गेल्यावर शिकवायला कोणी आहे का, हा तिचा प्रश्न आहे. आणि त्याच इमारतीत संगणकाचा, रोजगाराचा म्हणून जो वर्ग आहे तो बहुधा विनाअनुदानित असतो. म्हणजे ज्याला अनुदान आहे तिथे माणूस नाही, आणि जिथे माणूस आहे तिथे फी आहे. २०२५-२६ मध्ये सोयाबीनचा हमीभाव कागदावर क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि मोंढ्यात भाव त्याहून कितीतरी खाली. त्या सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाने कोणता वर्ग निवडावा? ज्याची ऐपत आहे तो पोराला लातूरला, पुण्याला धाडतो. उरते ती पोरगी. तिच्यासाठी उदगीरचे महाविद्यालय हेच पुणे आणि हेच मुंबई. ते खिळखिळे झाले की तिच्या घरात एकच विषय निघतो, तो म्हणजे तिचे लग्न.

२४ नोव्हेंबर २००१ नंतर परवानगी मिळालेल्या महाविद्यालयांच्या कपाळावर तर सरकारने ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्काच मारला. १९८३ मध्ये वसंतदादांनी अभियांत्रिकीचे दार विनाअनुदानितांना उघडले, तेव्हा सांगितले गेले की श्रीमंताच्या पैशावर तंत्रशिक्षण वाढेल आणि सरकारचा पैसा गरिबाच्या शिक्षणासाठी मोकळा होईल. तो मोकळा झालेला पैसा गरिबापर्यंत आलाच नाही. उलट गरिबाचे साधे पदवीचे शिक्षणही त्याच बाजारात नेऊन उभे केले. दर पाच वर्षांनी विद्यापीठे बृहत आराखडा करतात, कुठे नवे महाविद्यालय हवे याची बिंदूवार यादी छापतात. त्या यादीत इमारतीचा बिंदू असतो, शिक्षकाच्या पगाराचा रुपया नसतो.

आता दिल्लीकडे बोट दाखवले जाईल. केंद्राने पीएम-उषा योजना आणली, २०२३-२४ पासूनच्या तीन वर्षांत साऱ्या देशासाठी १२,९२६ कोटी. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने आपल्याकडच्या कामांचा ४० टक्के भार उचलायचा. या पैशातून इमारती, उपकरणे, डागडुजी होते. भिंत उभी राहते, पण भिंत शिकवत नाही. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले; मेजर आले, मायनर आले, कौशल्याचे विषय आले, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले. विषय दुप्पट आणि माणसे निम्मी! त्याच धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याचा संकल्प पुन्हा केला, जो कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितला होता. साठ वर्षे एकच संकल्प सोडणाऱ्याला व्रतस्थ म्हणावे की थापाड्या?

मराठवाड्याला तर या प्रश्नावर भांडण्याचा घटनादत्त अधिकार आहे. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांबरोबरच तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांतल्या संधींची न्याय्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते, असे लिहिले आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला: राज्याचा ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटी. निदान मोजला तरी! १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि मोजणारी फूटपट्टीच कपाटात गेली. १६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, ४५ हजार कोटींहून मोठ्या आकड्याची आतषबाजी झाली. आज त्यातले किती आले हे सांगायला मंडळ नाही, आणि विचारायला आमदार नाही.

आमदार का विचारत नाही? इथे आम्हाला आपल्याच घरातला केर काढावा लागेल. मराठवाड्यातल्या कितीतरी संस्थांचे अध्यक्ष, सचिव हे आजी-माजी आमदार-खासदार नाही तर त्यांचे जावई-मेहुणे आहेत. ज्याच्या स्वतःच्या संस्थेत पदे रिकामी आहेत, तो सभागृहात तोंड का उघडत नाही? कारण रिकामे पद सरकारला बचत देते, तसे भरले जाणारे पद काही संस्थाचालकांना ‘देणगी’ देते. भरतीला ना हरकत आली की बोली सुरू होते. बापाने जमीन विकून भरलेल्या लाखांवर उभा राहिलेला प्राध्यापक वर्गात प्रामाणिकपणे शिकवील, ही आशा कोणत्या तोंडाने करायची? ज्यांनी हातात झोळी घेऊन गावोगाव फिरून संस्था काढल्या, त्यांच्या वारसांनी झोळी फेकून तिजोरी आणली. सरकार या सौद्याकडे काणाडोळा करते, कारण चोराला चोराची अडचण नसते. आणि पूर्ण पगार घेऊनही तासाला न जाणारा, पण वेतनवाढीच्या मोर्च्यात सर्वांत पुढे असणारा जो प्राध्यापक आहे, त्यानेही आरशात पाहावे. त्याच्या आळसाचे बिल शेजारचा सीएचबीवाला भरतो आहे.

आणि आपण? एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदयगिरी महाविद्यालयाच्याच आवारात भरले. भारत सासणे अध्यक्ष, लता मंगेशकरांच्या नावाची साहित्यनगरी, मंत्र्यांच्या गाड्यांची रांग. तीन दिवस मराठीच्या भवितव्याची काळजी वाहिली गेली. त्या गर्दीतल्या किती जणांनी आसपासच्या तालुक्यांत मराठी विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती उरले, हे विचारले? भाषेचे भवितव्य मांडवात ठरत नसते. सोमवारी सकाळच्या तासाला वर्गात कोण उभे राहते, यावर ठरते. आपण मांडवाला गर्दी केली आणि रिकाम्या वर्गाला पाठ दाखवली. सरकारने मनावर घेतले तर काय होते, हेही याच उदगीरने पाहिले आहे: देवणी गाईच्या या मुलखात १९८७ मध्ये सरकारचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आले आणि राज्यभरातली पोरे इथे शिकायला आली. मग बी.ए.-बी.एस्सी.च्या पोराने कोणते पाप केले?

कोणी म्हणेल, महात्मा फुल्यांनी तर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे उच्च शिक्षणावरच्या खर्चाला विरोध केला होता. हो, केला होता. आणि का केला होता तेही ऐका. रयतेच्या करावर मूठभर वरच्यांची पोरे शिकतात आणि रयतेच्या पोराला अक्षर मिळत नाही, हा त्यांचा संताप होता. आज या महाविद्यालयांच्या बाकांवर रयतेचीच पोरे बसली आहेत. ती तिथे पोहोचली, आणि नेमका त्याच वेळी सरकारने हात आखडता घेतला, हा योगायोग आम्ही मानत नाही. बियाणे मोडून खाणाऱ्या घराला यंदाचे वर्ष निभावून नेता येते, पुढच्या मृगाला मात्र रान उघडे पडते. हे ज्या मराठवाड्याच्या कुणब्याला कळते, ते मंत्रालयातल्या अर्थपंडितांना कळू नये?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात कामकरी माणसाच्या मुलांसाठी कम्युनिटी कॉलेजे आहेत, ११६. वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी. १९८८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन ९८’ मंजूर करून राज्यघटनेतच लिहून घेतले, की शाळा आणि ही कॉलेजे यांना राज्याच्या उत्पन्नातला किमान वाटा मिळालाच पाहिजे. तो सर्वसाधारण निधीच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो. तिथेही २००८ च्या मंदीत कात्री लागली, वर्ग कमी झाले. तो देश काही स्वर्ग नाही. पण तिथे कात्री लावायची तर उघड हिशेब मांडून, मतदारांच्या डोळ्यांदेखत लावावी लागते. आपल्याकडे एका कारकुनाच्या ‘तरतूद नाही’ या दोन शब्दांत एक पिढी कापली जाते आणि सभागृहात कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून आम्ही भीक मागत नाही, मागण्या करतो. पहिली: वेतनाचा अंदाज मंजूर पदांवर बांधा, रिकाम्या पदाचा पैसाही अर्थसंकल्पात दिसला पाहिजे आणि तो दुसरीकडे वळवायचा असेल तर सभागृहाची संमती घ्या. दुसरी: प्राध्यापक कधी निवृत्त होणार, ही तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठरलेली असते, सहा महिने आधी जाहिरात निघालीच पाहिजे, त्याला वित्त विभागाच्या वेगळ्या मेहेरबानीची गरज असता कामा नये. तिसरी: निवड विद्यापीठ स्तरावर, गुणांच्या उघड यादीने करा, म्हणजे लिलाव बंद होईल. चौथी: तासिकेवरच्या शिक्षकाला दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे, उशीर झाला तर व्याजासह. पाचवी: शिष्यवृत्ती आणि शुल्काची भरपाई सत्र संपण्याआधी, त्या निधीला हात लावणे कायद्याने बंद. सहावी: विकास मंडळ पुन्हा नेमा, आणि अर्थसंकल्पाबरोबर जिल्हावार तक्ता मांडा, की अनुदानित महाविद्यालयांत मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि उच्च शिक्षणावर त्या जिल्ह्यातल्या माणशी खर्च किती. पुण्याचा आकडा आणि लातूरचा आकडा एका ओळीत छापा. मग पाहू कोण कोणाला मागास म्हणतो ते!

सरकार हे आपण होऊन करणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात उदगीरने करावी. प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाने आपल्या दाराशी एक फलक लावावा: कोणत्या विषयाचे पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, आणि त्याची फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे. प्राचार्यांना भीती वाटत असेल तर विद्यार्थ्यांनी लावावा, विद्यार्थ्यांना अडवले तर पालकांनी लावावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आधी त्या फलकासमोर उभे करा. आणि दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकवायला जे मंत्री मराठवाड्यात येतात, त्यांनी आधी हा फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच ध्वनिक्षेपकाला हात लावावा. वाचायची हिंमत नसेल, तर हुतात्म्यांची नावे घेण्याचा अधिकार त्यांना नाही!